बाळाबाईंचा आवाज, मागे माझी घरघर

बाळाबाईंनी माझ्या दोन्ही मुलांना माझ्याआधी पाहिलं. सांगलीच्या ज्या प्रसूतिगृहात आमचा अनीश आणि पुढे श्रद्धा जन्मली, तिथे त्या आया होत्या. अनीशच्या वेळी माझी बायको चारुशीला सकाळपासून कळा सोसत होती आणि मी बाहेरच्या बाकावर बसून माझ्या इन्स्टिट्यूटमधल्या मुलांचे टायपिंगचे पेपर तपासत होतो. निदान तशी माझी समजूत होती. नंतर पाहिलं तर बरोबर ओळींखाली लाल रेघा मारलेल्या आणि चुकलेल्या ओळींना पूर्ण गुण दिलेले. दुपारी आतून गाणं ऐकू यायला लागलं. बाईचा आवाज, भरीव, जरासा घोगरा, कसलीही घाई नसलेला. प्रसूतिगृहात रेडिओ कोण लावतं, अशी तक्रार मी समोरून जाणाऱ्या नर्सकडे केली. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, आणि तो रेडिओ नाही, आमच्या बाळाबाई आहेत, असं सांगून ती निघून गेली.

चारुशीला पुढे बरीच वर्षं सांगायची, की ओवीतला शेवटचा शब्द बाळाबाई जितका वेळ धरून ठेवत तितका वेळ तिचाही श्वास बाहेर पडत राही, आणि कळ त्या श्वासाबरोबर ओसरे. डॉक्टरीणबाईंना सुरुवातीला हा प्रकार पसंत नव्हता म्हणे. पण एकदा बाळाबाई रजेवर होत्या तेव्हा त्या खोलीत असा काही कल्लोळ झाला, की त्यानंतर गाण्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

बाळाबाई मूळच्या शिराळ्याच्या पलीकडच्या एका वाडीतल्या. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला तेव्हा त्या ऐन तारुण्यात होत्या. आईबरोबर जात्यावर बसून शिकलेल्या ओव्यांमधून जुने देव काढायचे आणि तिथे बुद्ध आणि बाबासाहेब बसवायचे, हे काम वस्तीतल्या बायकांनी आपापसांत वाटून घेतलं होतं. काही ओव्यांत नाव बसायचंच नाही. मग त्या ओव्या प्रत्येकीने आपापल्या भावाच्या नावावर खपवल्या. हे सांगताना बाळाबाईंना हसू आवरायचं नाही. लग्न होऊन त्या सांगलीला आल्या. नवरा हरिबा हळदीच्या पेवांवर हमाली करायचा. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं खोल कोठार. ते उघडलं की आत कोंडलेली हवा आधी जाऊ द्यावी लागते. एका वर्षी ती पुरती गेली नव्हती. हरिबा खाली उतरला तो आपल्या पायांनी वर आला नाही. त्यांचा मुलगा कपिल तेव्हा अंगावर पीत होता. बाळाबाई प्रसूतिगृहात कामाला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. तिथे गायला कशा लागलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "एक पोरगी लय घाबरली हुती. मला दुसरं काय येत नव्हतं."

आता माझ्याबद्दल. मी मधुकर बोकील. सांगलीच्या गावभागात 'बोकील कमर्शियल इन्स्टिट्यूट' चालवायचो. टायपिंग आणि लघुलेखन. नव्वदचं दशक संपायला आलं तशी टायपिंगची मुलं कमी व्हायला लागली, म्हणून मी काळाची पावलं ओळखून कॉम्प्युटर घेतले. त्यातला एक 'मुलांच्या अभ्यासासाठी' घरी आणला. त्याला साउंड कार्ड होतं, सीडी वाजायची, शेजारी दोन स्पीकर होते, आणि खोक्यात पेन्सिलीएवढा एक माइक निघाला. तो माइक हातात घेतला आणि माझ्या आयुष्याचं नुकसान झालं.

मला तरुणपणापासून आवाजाचं वेड. गाता येत नव्हतं, वाद्य येत नव्हतं, तेव्हा उरली ती एकच जागा: दुसऱ्याचा आवाज पकडणाऱ्याची. घराच्या मागच्या खोलीत गाद्यांची चळत आणि लोणच्याच्या बरण्या असत. मी बरण्या हलवल्या, गाद्या भिंतींना टेकून उभ्या केल्या आणि त्या खोलीला स्टुडिओ म्हणायला लागलो. 'स्वरधारा डिजिटल स्टुडिओ' अशी कार्डंही छापून घेतली. चारुशीलाने कार्ड वाचलं आणि पाहुणे आले तर झोपायचं कशावर, एवढंच विचारलं. पेन्सिलीएवढ्या माइकवर काही भागेना, म्हणून गल्लीतल्या गणपती मंडळाचा अँप्लिफायर आणि त्यांचा मोठा माइक मी मागून आणला. वर्षातून दहा दिवस सोडले तर तो त्यांनाही अडगळच होता. मागच्या खोलीत प्लग लावायला एकच जागा, ती कॉम्प्युटरने अडवलेली. म्हणून अँप्लिफायर स्वयंपाकघरात, मिक्सरच्या जागी, आणि तिथून एक लांब वायर दाराखालून कॉम्प्युटरपर्यंत.

सगळं जोडून मी पहिल्यांदा बटण दाबलं, "नमस्कार, स्वरधारा डिजिटल स्टुडिओमध्ये आपलं स्वागत आहे," असं म्हणालो आणि ऐकलं. नमस्कार लांबून कुठून तरी ऐकू येत होता. पुढ्यात होतं ते घूंऽऽ. एकसुरी, जाड, कधी न थांबणारं. पिठाच्या गिरणीत उभं राहून मी स्वागत करतो आहे असं वाटत होतं.

मी ते मनावर घेतलं नाही, याला कारण आप्पासो. त्यांचं स्टँडजवळ पाण्याच्या पंपांचं दुकान होतं आणि रिक्षावर कर्णा लावून फिरवायला त्यांना जाहिरात हवी होती. मी ती माझ्याच आवाजात केली. कॅसेट ऐकवताना मागच्या घूंबद्दल काय सांगावं याची जुळवाजुळव मी करत होतो, तेवढ्यात आप्पासोंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, मागं पंप चालू ठिवलाय ते लय झ्याक केलंसा," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला लगीच कळतंय, कशाचं दुकान हाय ते." मी नम्रपणे हसलो. त्या दिवशी मी गप्प बसलो नसतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण कौतुकाला नाही म्हणायची सवय आमच्या घराण्यात कोणालाच नाही.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कपिल आला. माझ्याकडेच टायपिंग शिकून तो बँकेत लागला होता आणि आता साताऱ्याच्या शाखेत होता. निवृत्त झालेल्या बाळाबाईंना त्याने तिकडे नेलं होतं. त्यांच्या गळ्याला गाठ आली होती. मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यासाठी मायलेक सांगलीत नातेवाइकांकडे येऊन राहिले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की गाठ जीवघेणी नाही, पण ती आवाजाच्या नसेला लागून आहे. आवाज बदलू शकतो, बसूही शकतो. कपिलने घरच्या टेपरेकॉर्डरवर आईच्या ओव्या घ्यायचा प्रयत्न केला होता, तर यंत्राने टेपच खाल्ली. आता सरांकडे कॉम्प्युटरवर होतं असं कळलं, म्हणून तो विचारायला आला होता.

मला त्याला खरी परिस्थिती सांगता आली असती. मी त्याला कार्ड दिलं. डिजिटल म्हणजे काय ते समजावलं आणि आवाज अगदी सीडीसारखा येईल असं आश्वासन दिलं. माझ्याकडे सीडी लिहायचं यंत्र नव्हतं, शेवटी सगळं कॅसेटवरच उतरणार होतं, हा तपशील मी मागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाळाबाई आल्या. पांढरं पातळ, डोक्यावरून पदर, गळ्याशी तो सुपारीएवढा उंचवटा. गादीवर बसल्या, माइककडे बघितलं आणि यात तोंड घालायचं का, असं विचारलं. मुलं सुट्टीला त्यांच्या आत्याकडे वाईला गेली होती, त्यामुळे घर शांत होतं. बाळाबाई गायला लागल्या.

कळ आली कळ गेली, जशी वढ्याची लाट
अगं माझ्या मैनाबाई, बाळ चालतंया वाट

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. दुसरी ओवी, तिसरी ओवी. मग स्क्रीनवर पाहिलं तर रेकॉर्डिंग केव्हाच थांबलेलं. कॉम्प्युटरबरोबर आलेला रेकॉर्डर एका मिनिटानंतर आपोआप बंद होतो, हे तोवर मला माहीतच नव्हतं. माझ्या सगळ्या जाहिराती त्याआधीच संपायच्या. जेवढं आलं होतं तेवढं लावलं. घूंऽऽ. त्याच्या तळाशी कुठेतरी बाळाबाई. कपिल जमिनीकडे बघत होता. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून मी म्हणालो, की तसं पाहिलं तर हे वाईट नाही, ओवी जात्यावर म्हणतात आणि मागे जात्याची घरघर असावी तसंच हे वाटतं. मला ही कल्पना फार सुंदर वाटली होती.

बाळाबाईंनी मान तिरकी करून पुन्हा एकदा ऐकलं. "न्हाई मास्तर," त्या म्हणाल्या. "जातं असं वाजत न्हाई. ही लायटीची डीपी वाजतीया."

ऑपरेशनला अजून आठवडाभर होता. मी कामाला लागलो. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मिनिटाची अट नसलेला रेकॉर्डर मिळाला, तेवढं बरं झालं. मग घूंचा माग. पहिला संशय पंख्यावर. मे महिन्यात सांगलीत पंखा बंद केला. घूं तसंच, फक्त आता मी घामाने थबथबलेला. मग ट्यूबलाइट बंद. तिची बारीक झिणझिण गेली, घूं राहिलं. मग फ्रिज. फ्रिज बंद केल्यावर काही फरक पडला नाही, पण मी तो पुन्हा चालू करायला विसरलो, आणि चारुशीलाने केलेला आमरस दुसऱ्या दिवशी वासावरून ओळखू यायला लागला. तिने पातेलं आणून माझ्या स्टुडिओत ठेवलं आणि ती गेली.

मग मी मॉनिटरवर घसरलो. तो बंद केला की एक बारीक शिट्टी जाते, हे खरंच होतं. मी टायपिंगचा मास्तर. तीस वर्षं मुलांना सांगत आलो, की बोटांना डोळे असतात. तेव्हा मॉनिटर बंद ठेवून नुसत्या कळा दाबत मी आंधळेपणाने रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. बाळाबाई पुन्हा आल्या, त्या अंधाऱ्या, उकडणाऱ्या खोलीत अर्धा तास गायल्या. मी मोठ्या रुबाबात कळा दाबत होतो. शेवटी मॉनिटर लावला तर समोर पत्त्यांचा खेळ उघडलेला आणि त्यात मी हरत आलेला. रेकॉर्डर सुरूच झाला नव्हता. कपिलने विचारलं, झालं का सर? मी सांगितलं, की ही चाचणी होती.

बाळाबाई उठता उठता म्हणाल्या, "मास्तर, बाळंतपणात पन असंच हुतंय. बाप लय धावपळ करतोय, आन मधी मधी येतोय." त्या रागाने म्हणाल्या नव्हत्या. म्हणून तर जास्त लागलं.

ज्याला त्याला मी विचारत सुटलो आणि जो तो एकच शब्द सांगायला लागला: अर्थिंग. अर्थिंग बरोबर नसेल. या शब्दाने मला झपाटलं. चांगलं अर्थिंग म्हणजे खड्डा, त्यात मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी, एवढं मी ऐकून होतो. परसात चारुशीलाच्या अबोलीच्या झाडांशेजारी मी खणायला सुरुवात केली. हाताला टायपिंगखेरीज कशाची सवय नाही, फोड आले. शेजारचे कोंडीबा कुंपणावरून बघत होते. त्यांनी काय पुरताय असं विचारलं, आणि आवाज पुरतोय असं मी म्हटल्यावर ते कुंपणापासून जरा लांब झाले. किराणा दुकानातून पोतंभर खडेमीठ आणलं तेव्हा लोणच्याचा मोठा घाट दिसतो, असं दुकानदार म्हणाला. खड्डा भरला, पाणी ओतलं, आणि तिथून एक तांब्याची तार परसातून, खिडकीतून स्वयंपाकघरात घेऊन अँप्लिफायरच्या पाठीला घट्ट बांधली. मग अभिमानाने बटण दाबलं.

घूं दुप्पट झालं. आधी गिरणी होती, आता साखर कारखाना. चारुशीला भाजी चिरायची थांबून दाराशी आली. माझं तोंड बघून ती हसली नाही. तिने पदराने घाम पुसला आणि मला सरबत करून दिलं. त्या सरबतात साखरेपेक्षा मीठ जास्त पडलं असं मला वाटलं, पण मीठ माझ्याच हाताला होतं.

मग मी हार मानली. कपिलला खरं सांगून टाकायचं ठरवलं. ऑपरेशन अगदी तोंडावर आलं होतं. त्या सकाळी मी इन्स्टिट्यूटमधून लवकर निघालो, घरी आलो, आणि कपिल यायच्या आधी शेवटचं एकदा बघावं म्हणून माइकसमोर गप्प बसून बटण दाबलं. ऐकलं, तर काहीच नाही. घूं नाही. खरखर नाही. स्पीकर मेल्यासारखा गप्प.

शहाण्या माणसाला आनंद झाला असता. मी उलटाच अर्थ काढला. इतके दिवस जे कानात घुमत होतं ते गेलं, म्हणजे यंत्र गेलं, अशी माझी खात्री झाली. आधीच काम होत नव्हतं, आता मंडळाचा अँप्लिफायरही जळला, गणपतीत मंडळातल्या पोरांना काय तोंड दाखवू, या विचाराने मी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, साउंड कार्ड काढून पुसून पुन्हा बसवलं. तरी शांतता. मग अँप्लिफायर पाहायला स्वयंपाकघरात गेलो, तर तो तिथे नव्हताच. त्याच्या जागी चारुशीलाचा मिक्सर होता आणि त्यात शेंगदाण्याची चटणी. अँप्लिफायर तिने उचलून माझ्याच खोलीत कॉम्प्युटरच्या टेबलामागे, गादीआड ठेवला होता, आणि कॉम्प्युटरच्याच प्लगाच्या जागी इस्त्रीच्या कोपऱ्यातला एक्स्टेन्शन बोर्ड लावून दोन्ही त्यावर जोडले होते. परसातली तांब्याची तार पायात येते म्हणून तीही सोडून तिने गुंडाळून ठेवली होती.

तिने काहीतरी बिघडवलं हे उघड होतं. मी तिच्यावर आवाज न चढवता, पण तोंड वाकडं करून, अँप्लिफायर परत स्वयंपाकघरात नेला, मिक्सर काढला, तार बांधली आणि धावत येऊन बटण दाबलं. घूंऽऽ. माझा जीव भांड्यात पडला. "चालू झालं," मी आतून ओरडून सांगितलं.

चारुशीला हातात चटणीची वाटी घेऊन दारात आली. "अहो," ती म्हणाली, "हेच घालवायला आठवडाभर धडपडत होता ना तुम्ही?"

मी तिच्याकडे पाहिलं. मग अँप्लिफायरकडे. मग पुन्हा तिच्याकडे. त्यानंतर मी जे केलं त्याला संशोधन म्हणतात असं मला नंतर वाटलं, पण तेव्हा मी नुसता एक प्लग काढत होतो आणि दुसरा लावत होतो. अँप्लिफायर स्वयंपाकघरात: घूं. कॉम्प्युटरच्या शेजारी, त्याच बोर्डावर: शांत. तार बांधली: घूं. सोडली: शांत. हळूहळू डोक्यात उजेड पडला. अँप्लिफायर स्वयंपाकघरातून जमिनीत जात होता आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीतून, आणि दोघांच्या मधे माझी लांब वायर. जमिनीत जायच्या दोन वाटा असल्या की त्यांच्यामधून थोडी वीज गोल गोल फिरत राहते, आणि तीच माइकच्या आवाजात मिसळून वाजते. तिला एकच वाट दिली की ती गुमान जाते. मी मात्र खड्डा खणून, मीठ घालून, पाणी ओतून तिला तिसरी वाट करून दिली होती.

आवाज पुरता वाढवल्यावर जी बारीक खरखर ऐकू आली ती मी स्वतः शोधली, हे मुद्दाम सांगतो, कारण या गोष्टीत माझ्या नावावर एवढंच आहे. स्क्रीनवर आवाज कमीजास्त करायच्या खिडकीत सीडीची, छोट्या माइकची, सगळीच दारं मी उघडी ठेवली होती. नको ती बंद केली, बाळाबाईंना माइकच्या जवळ बसवलं आणि अँप्लिफायरचा कान पिळून खाली आणला. खरखर गेली.

त्या दुपारी बाळाबाई गायल्या. मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, म्हणजे त्यातलं घोगरेपणही, दोन ओव्यांच्या मधे आवंढा गिळलेलाही. एक ओवी कपिलसाठी होती.

सांगते बाई तुला, भीमाचं गं लिहिणं
माझ्या कपिलाच्या हाती, दिलं पाटीचं लेणं

कपिल दाराजवळ उभा होता, तो बाहेर निघून गेला. मला वाटलं झालं, आता हे जगातलं सर्वांत उत्तम रेकॉर्डिंग आहे. लावून पाहिलं. बाळाबाईंनी हात वर केला आणि थांबवायला सांगितलं. "ह्यो सूं-सूं कोण करतंया?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी ऐकलं. प्रत्येक ओवीच्या शेवटी, शब्द लांबला की त्याच्या मागे, नाकातून एक सूर निघत होता. बेसूर, पण मनापासूनचा. मी गात होतो. हेडफोन लावलेले असल्यामुळे मला स्वतःला ते कळलं नव्हतं. सगळे आवाज एकेक करून घरातून घालवल्यावर शेवटी मीच उरलो होतो.

चारुशीलाने मला बाहेर काढलं. कुठली कळ दाबायची ते विचारून घेतलं, दार लावलं आणि आतून कडी घातली. मी परसात जाऊन खड्डा बुजवत बसलो. फावडं वाजवायचं नाही म्हणून हातांनीच माती लोटत होतो. बंद दारातून ओव्या येत होत्या, पण शब्द कळत नव्हते. मधेच दोघींचं हसणं आलं. काय बोलल्या ते कॅसेटवर आहे. मी ऐकलंय, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्यांबद्दल आहे.

ऑपरेशन नीट झालं. बाळाबाईंचा आवाज काही आठवडे अजिबात नव्हता, कुजबुजत बोलायच्या. मग आला तो आधीपेक्षा जाड, खालचा, आणि वरच्या सुराला चिरफाळणारा. कॅसेट कपिल साताऱ्याला घेऊन गेला होता. आईला आवडली का, असं मी फोनवर विचारलं. तो म्हणाला, की आईने एकदाच ऐकली आणि ती बाई लय घाईत गातीया, कुनाच्या कळंसाठी थांबत न्हाई, असं म्हणून बंद केली.

माझा स्टुडिओ पुढे फार दिवस चालला नाही. घूं गेल्यावर आप्पासोंनी दुसरी जाहिरात करून घेतली, ती त्यांना मिळमिळीत वाटली. गाद्या आपल्या जागी गेल्या. मंडळाचा अँप्लिफायर मी गणपतीआधी परत केला, आणि इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटरचे वर्ग बरे चालायला लागले. अबोलीची झाडं मात्र मिठाने जळाली, ती पुन्हा कधी धरली नाहीत.

पुढच्या वर्षी कपिलच्या बायकोचे, अक्षताचे, दिवस भरले. साताऱ्याच्या हॉस्पिटलात तिला नेलं तेव्हा कपिलने कॅसेट आणि एक छोटा प्लेअर बरोबर घेतला होता. आईचा आवाज आता पहिल्यासारखा राहिला नाही, तेव्हा ओव्या हिला कॅसेटवरच ऐकू दे, असा त्याचा विचार. ही गोष्ट त्याने मला आधीच फोन करून सांगितली होती, आणि आवाज किती ठेवायचा, स्पीकर पलंगाच्या कुठल्या बाजूला ठेवायचा, प्लेअर भिंतीच्या वायरींपासून लांब ठेवायचा, अशा सूचना मी इतक्या दिल्या की शेवटी त्याने कामाला जायचंय म्हणून फोन ठेवला.

तिला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. कॅसेट लावली होती, असं तो म्हणाला. थोडा वेळ चालली. मग अक्षताने हात करून बंद करायला सांगितलं आणि सासूबाईंना म्हणाली, तुमीच म्हणा. बाळाबाई म्हणाल्या, की पोरी माझा गळा फाटलाय. तर अक्षता म्हणाली, फाटू दे. मग बाळाबाईंनी पलंगाचा कठडा धरला आणि त्या जाड, चिरफाळणाऱ्या आवाजात म्हटलं, तासन् तास म्हटलं.

मी सगळं ऐकून घेतलं. मला एकच प्रश्न छळत होता. "पण कपिल," मी म्हणालो, "कॅसेट लावली तेव्हा आवाज स्वच्छ येत होता ना? मागे काही घूं वगैरे?"

"सर," कपिल म्हणाला, "मुलगी झाली."

चारुशीलाने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बाळंतीण कशी आहे ते विचारलं.